सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन पावसाळ्यात बंद होईनासं झालं, बिघाड कुठे शोधायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डिचोलीला राहता, रोज पणजीला कामाला जाता. यंदा मार्चमध्ये सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, गिअर हातानं टाकायचे. सिग्नलला गाडी न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद व्हायचं, क्लच दाबला की लगेच चालू. घरातले म्हणतात, असं दिवसाला वीस वेळा केलं तर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जळेल, बॅटरी बसेल, ही सोय बंद करायचं बटण आहे ते दाबून बंदच ठेव. आणि जूनपासून ते बंद होणं जवळजवळ थांबलंच आहे. मग ही सोय वापरावी की नाही, आणि गाडीत काही बिघडलंय का?

फोंड्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी माझ्याकडे येतो. सेल्फची काळजी तुम्ही सोडून द्या. काळजी करायची ती बॅटरीची, आणि तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून जरा जास्तच.

आधी हे काम कसं चालतं ते बघू, म्हणजे पुढचं पटेल. तुम्ही थांबलात, न्यूट्रल केलंत, क्लचवरचा पाय काढलात. एवढ्यावर इंजिन बंद होत नाही. त्याआधी गाडीचा कॉम्प्युटर सगळ्यांना विचारून घेतो. लग्न ठरवताना घरातल्या प्रत्येकाचा होकार लागतो ना, तसं. इंजिनाचं पाणी पुरेसं तापलंय का? ड्रायव्हरचा बेल्ट लावलेला आहे का? दार बंद? बॉनेट बंद? ब्रेकच्या बूस्टरमध्ये पुरेसा व्हॅक्यूम शिल्लक आहे? गाडी फार चढावर तर नाही? आतली हवा पुरेशी थंड झाली आहे? आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात वजनदार मत बॅटरीचं: मी आता इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू करायची ताकद तुझ्यात आहे ना? यातल्या एकानं जरी नकारार्थी मान हलवली तरी इंजिन चालूच राहतं. म्हणून ‘बंद होईनासं झालं’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कोणीतरी नकार देतंय. तो कोण, हे शोधायचं.

सगळ्यांचा होकार आला की पेट्रोल तोडलं जातं आणि इंजिन थांबतं. आता क्लच दाबल्यावर ते इतक्या पटकन कसं उठतं? सकाळी किल्ली फिरवता तेव्हा इंजिन दोन-चार फेरे घेतं, तेवढ्यात कॉम्प्युटर कुठला पिस्टन कुठे आहे याचा अंदाज घेतो आणि मग पेट्रोल सोडतो. सिग्नलला तसं करावं लागत नाही. या गाड्यांमधला क्रँकचा (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचा) सेन्सर इंजिन थांबताना थोडं उलटं फिरलं तरी ते मोजतो, त्यामुळे पिस्टन नेमका कुठे थांबला हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं. योग्य सिलिंडरला पहिलं पेट्रोल मिळतं आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास इंजिन धरतं.

आता सेल्फचं. साध्या गाडीचा सेल्फ साधारण पन्नासेक हजार वेळा मारता येईल अशा हिशोबानं बनवतात. आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला कंपनी वेगळा सेल्फ देते. त्याचे ब्रश, बेअरिंग, दातेरी चाक सगळं जास्त टिकाऊ असतं, दोन-अडीच लाख वेळा मारण्याच्या हिशोबाचं. तुम्ही म्हणता तसे दिवसाला वीस वेळा धरा, वर्षाचे तीनशे दिवस, दहा वर्षं. साठ हजार होतात. साध्या सेल्फला ते जड गेलं असतं, याला नाही. शिवाय तापलेलं, तेलानं माखलेलं इंजिन फिरवायला सकाळच्या थंड इंजिनाइतकी ताकद लागत नाही. इंजिनाच्या बेअरिंगची झीज मुख्यतः थंड स्टार्टला होते. सिग्नलच्या अर्ध्या मिनिटात तेलाचा थर कुठे जात नाही, आणि अशा इंजिनांची बेअरिंगही बहुधा त्या हिशोबानं लेप दिलेली असतात. माझ्या दुकानात या सोयीमुळे जळालेला सेल्फ घेऊन अजून कोणी आलेलं नाही. आले ते पुरात पाणी शिरलेले सेल्फ, किंवा उतरलेल्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून तापवलेले.

काही गाड्यांत तर त्या वेळी नेहमीचा सेल्फ वापरातच येत नाही. मारुतीनं 2015 मध्ये सियाझच्या डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) जागी असं यंत्र दिलं की जे बेल्टवरून वीजही बनवतं आणि त्याच बेल्टवरून इंजिन फिरवतंही. तुमच्या गाडीचं इंजिन सिग्नलला उठताना ‘खर्र’ आवाज न करता नुसतं हलकेच जागं होत असेल, तर ती याच जातीची. मग घरच्यांना सेल्फची भीती घालायला जागाच उरत नाही.

पावसाळ्याकडे येऊ. जूनपासून थांबलं म्हणता, त्यात पहिला संशयित एसी. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसरही थांबला, मग पंखा नुसता आतली हवा ढवळत राहतो. कूलिंगच्या जाळीवर पाणी साचलेलं असतं, ती गरम व्हायला लागली की ते पाणी परत हवेत जातं. उन्हाळ्यात सिग्नलला इंजिन बंद झाल्यावर कधी कधी ओल्या फडक्यासारखा वास येतो तो यातलाच. मे महिन्यातल्या गोव्याच्या दमट हवेत जाळी लवकर तापते आणि कॉम्प्युटर सिग्नल सुटायच्या आधीच इंजिन चालू करतो. पावसाळ्यात तर तुम्ही काचेवरचं धुकं घालवायला पंख्याची दिशा पुढच्या काचेकडे करता. तो डिफॉगरचा खटका दाबला की बहुतेक गाड्या इंजिन बंदच करत नाहीत, कारण एसी थांबला तर काच पुन्हा पांढरी होणार आणि तुम्हाला समोरचं दिसणार नाही. हे अगदी बरोबर आहे, यात बिघाड काहीच नाही. एक दिवस पाऊस नसताना, काच स्वच्छ असताना, डिफॉगर बंद करून बघा. इंजिन थांबायला लागलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

नाही थांबलं तर मग बॅटरी. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण याच ठिकाणी लोक फसतात.

बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलकडे बघा. साध्या गाडीत तिथे नुसता क्लॅम्प आणि काळी केबल असते. तुमच्या गाडीत बहुधा त्या क्लॅम्पलाच चिकटलेला काडेपेटीएवढा काळा डबा आणि त्यातून निघणारी बारीक वायर दिसेल. तो सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज किती, तापमान किती, हे तो रात्रंदिवस मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. सगळ्यात वजनदार मत बॅटरीचं म्हटलं ना, ते मत हा डबा देतो. बॅटरी थकायला लागली की तुम्हाला काही कळायच्या आधी त्याला कळतं. सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते, हॉर्न खणखणीत वाजतो, दिवे लख्ख. तरी सिग्नलला इंजिन बंद व्हायचं थांबलेलं असतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो की ही तक्रार नव्हे, ही पूर्वसूचना आहे. आजीला पाऊस यायच्या आदल्या दिवशी गुडघ्यात कळतो, तसं.

या गाड्यांना बॅटरीही वेगळी लागते. साध्या बॅटरीच्या प्लेटा एकदा जोराचा करंट देऊन लगेच भरून घ्यायला केलेल्या असतात. सिग्नलला इंजिन बंद असताना दिवे, पंखा, वायपर, म्युझिक सगळं एकट्या बॅटरीवर चालतं, मग लगेच सेल्फसाठी शेदोनशे अँपिअरचा झटका, पुन्हा दोन मिनिटांनी तेच. साधी बॅटरी अशा वापरात प्लेटांवरचा मसाला गाळते आणि वर्ष-दीड वर्षात हात टेकते. म्हणून या गाड्यांना कंपनी ‘ईएफबी’ देते. तिच्या प्लेटा जाड असतात आणि मसाला धरून ठेवायला पॉलिएस्टरची जाळी असते. महागड्या गाड्यांना ‘एजीएम’ असते, तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. ही अक्षरं बॅटरीच्या लेबलवर छापलेली असतात. सेकंडहँड गाडी घेताना लोक टायर बघतात, डेंट बघतात, ही तीन अक्षरं कोणी बघत नाही. गाडी विकायची ठरली की आधीचा मालक स्वस्तातली साधी बॅटरी टाकून मोकळा होतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाडी बेटावरचे एक निवृत्त शिक्षक, गाडी तुमच्यासारखीच. त्यांनी एका दुकानातून बॅटरी बदलून घेतली होती, आणि तिथे ‘सगळ्या सारख्याच असतात’ असं सांगून साधी बसवली. चार-पाच महिने बरे गेले. एका संध्याकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ते फेरीबोटीच्या रांगेत उभे होते. इंजिन आपोआप थांबलं, फेरीबोट यायला वेळ होता, म्हणून ते बेल्ट काढून, दार उघडून खाली उतरले. आपली समजूत अशी की गाडी बंद आहे. किल्ली मात्र चालूवरच होती, हेडलाइट आणि पंखाही चालू. फेरीबोट लागली, मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, हे आत बसून क्लच दाबतात तर काहीच नाही. दार आणि बेल्ट उघडल्यावर गाडी आपोआप चालू व्हायचं रद्द करते, ते सुरक्षेसाठी असतं. मग किल्लीनं रीतसर सेल्फ मारावा लागतो. त्यांनी मारला तर नुसती टकटक. उतारावर, मागे दहा गाड्या, वरून पाऊस. शेवटी चौघांनी गाडी बाजूला ढकलली. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात त्यांचा हात अजून थरथरत होता. मी बॅटरीवरची गोणपाटासारखी मळलेली पट्टी पुसली, ‘ईएफबी’ कुठेच नव्हतं. बॅटरी बदलली, आणि त्यांना एक सवय लावून घ्यायला सांगितलं: गाडीतून उतरायचं तर इंजिन शांत असलं तरी किल्ली फिरवायचीच. फेरीबोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

बॉनेटच्या बाबतीत तर याहून कडक. इंजिन आपोआप थांबलेलं असताना किल्ली चालू ठेवून बॉनेटखाली हात घालू नका. बॉनेटच्या कुलपात एक स्विच असतो, बॉनेट उघडं असताना इंजिन उठू नये म्हणून. पण तो बिघडलेला असला तर? बेल्ट आणि पंख्याजवळ बोटं असताना असल्या स्विचवर मी माझा हात सोपवत नाही.

आणि तोच स्विच आपल्याकडे वेगळ्याच कारणानं त्रास देतो. मोरजी, कळंगुट, कोलवा, समुद्राच्या अंगाच्या गावांतल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मी बॅटरीच्या आधी बॉनेटच्या कुलपाखालचा प्लग काढून बघतो. खारी हवा आणि पाऊस मिळून आतल्या दोन पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी धरवतात, नखानं खरवडली तर चुऱ्यासारखी पडते. कॉम्प्युटरला वाटतं बॉनेट उघडंच आहे, आणि तो वर्षभर इंजिन बंद करत नाही. मालक मात्र बॅटरी बदलत बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, बारीक ब्रश, आणि थोडं ग्रीस, दहा मिनिटांचं काम. तुम्ही डिचोलीचे, खाऱ्या वाऱ्यापासून आत, म्हणून तुमच्याकडे याची शक्यता कमी. पण आधीचा मालक कुठला होता ते विचारून ठेवा.

अल्टरनेटरबद्दलही सांगून ठेवतो, कारण इथे मेकॅनिकही चकतात, सुरुवातीला मीही चकलो होतो. जुन्या गाडीत इंजिन चालू असताना मीटर 14 व्होल्टच्या वर दाखवतो. या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला सतत राबवत नाही. तुम्ही पाय उचलता, गाडी उताराला लागते, तेव्हा तो जोरात चार्ज करतो आणि एरवी हात आखडतो, म्हणजे इंजिनावर ओझं कमी. अशा वेळी मीटर 12.6 दाखवतो आणि कोणीतरी घाईनं ‘अल्टरनेटर गेला’ म्हणतं. चांगला अल्टरनेटर उगाच बदलून घेऊ नका.

बॅटरी बदललीत किंवा केबल काढलीत तर लगेच दुसऱ्या सिग्नलला इंजिन थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. सेन्सरला नवी बॅटरी ओळखायला गाडी काही तास कुलूप लावून निवांत उभी लागते, रात्रभर ठेवलीत तर उत्तम. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवावीही लागते. आणि कधी दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली तर काळा चिमटा निगेटिव्ह टर्मिनलवर लावू नका, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या कोऱ्या लोखंडावर लावा, म्हणजे करंट सेन्सरमधून जातो आणि त्याचा हिशोब चुकत नाही.

आता ते बटण. मी स्वतः ते दाबत नाही, दोन प्रसंग सोडून. पहिला, रस्त्यावर पाणी तुंबलेलं असताना. सायलेन्सरचं तोंड पाण्याजवळ आलं असेल आणि इंजिन थांबलं तर धूर बाहेर ढकलणारा जोर जातो आणि पाणी आत चढू शकतं. पाणी दिसलं की आधी बटण दाबा, मग आत शिरा. दुसरा, शिगम्याची मिरवणूक किंवा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशीचा माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळापानांचा) बाजार, जिथे गाडी दर पाच सेकंदांनी हातभर सरकते. पुन्हा चालू व्हायला साधारण दहा सेकंद इंजिन नुसतं चालल्याएवढं पेट्रोल जातं असं धरतात, त्याहून कमी थांबायचं असेल तर बंद करण्यात फायदा नाही. पण मॅन्युअल गाडीत यासाठी बटणाचीही गरज नाही. पहिला गिअर टाकून क्लच दाबलेला ठेवा, इंजिन बंद होणार नाही. ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याच गाड्यांत ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी तेच होतं. चौकातल्या वर्तुळात शिरण्यापूर्वी मी असंच करतो.

डिझेल गाडीवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेल गाडीत सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःची काजळी जाळत असताना इंजिन आपोआप थांबत नाही. त्या वेळी आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जरा वाढतं, पंखा जोरात घरघरतो. तसं दिसलं तर घरी पोचलात तरी लगेच किल्ली काढू नका, आणखी दहा मिनिटं गाडी पळवून या.

पैशाचं विचारलं नाहीत, पण घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी असला तर त्याहून जास्त. पुण्या-मुंबईत दिवसाला अर्धा तास सिग्नलला जातो, तिथे वाचलेलं पेट्रोल डोळ्यांना दिसतं. आपल्या गोव्यात डिचोली ते पणजी तुम्ही किती मिनिटं थांबता? दहा धरली, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर पस्तीस-चाळीस लिटर. साध्या बॅटरीपेक्षा ईएफबी महाग असते, त्यातला काही भाग त्या फरकात जातो. म्हणून मी कोणाला ‘खूप वाचेल’ असं सांगत नाही. पण पर्वरीच्या कोंडीत शंभर गाड्यांची इंजिनं एकाच वेळी गप्प असली, तर मध्ये स्कूटरवर लेकराला घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या नाकात तेवढा धूर कमी जातो, आणि मला ते पैशापेक्षा मोठं वाटतं. दुचाकीवालेही मागे नाहीत. हीरोनं 2014 मध्ये स्प्लेंडरमध्ये आणि होंडानं 2019 मध्ये ॲक्टिवा 125 मध्ये हीच सोय आणली.

तर या रविवारी एवढं करा. शनिवारी रात्री गाडी लावली की तिला हात लावू नका. सकाळी दार न उघडता बॉनेट उघडणं शक्य नसेल तर ते रात्रीच सैल करून ठेवा, म्हणजे सकाळी गाडी जागी न होता बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावता येईल. 12.6 व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे पाऊण. 12.2 च्या खाली म्हणजे निम्म्याच्या खाली. तुम्ही रोज तीसेक किलोमीटर सलग चालवता, तेवढ्यात ती भरायलाच हवी, न भरत असेल तर एक तर थकलेली आहे किंवा चुकीची आहे. मग लेबलवर ‘ईएफबी’ आहे का आणि तारखेचा कोड कुठल्या वर्षाचा आहे ते बघा. हे दोन आकडे आणि ती अक्षरं कळवा, मग बॅटरी काढायची की बॉनेटचा प्लग साफ करायचा ते सांगतो.